कोकोनट श्रिम्प घरच्या कढईत : खोबरं आपलं, कोळंबी त्यांची

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा मजकूर. ज्यांना बसमध्ये, ऑफिसात किंवा शेजारी कोणी झोपलेलं असताना ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी. मधले "अं…" आणि पाणी प्यायचे ब्रेक तेवढे काढलेत.)

इअरफोन लावलेत ना? मग आवाज जरा कमी करा, कारण आज मध्ये मध्ये तळणीचा आवाज येणार आहे आणि भूक लागली तर मी जबाबदार नाही.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याने मेसेज केला होता. "ताई, रील्समध्ये ते कोकोनट श्रिम्प दिसतं, सोनेरी, कुरकुरीत, बाजूला अननसाचा तुकडा. घरी करायला गेलो तर खोबरं तेलात आणि कोळंबी नागडी. काय चुकतंय?" वाचून हसू आलं, पण प्रश्न एकदम बरोबर आहे. या पदार्थात चुकण्यासारख्या फार तर पाच-सहा जागा आहेत आणि प्रत्येक जागेमागे एक साधं कारण आहे. कारण कळलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही. कोड समजून घेऊन लिहिणं आणि कुठून तरी उचलून चिकटवणं, यात जो फरक आहे तोच इथेही.

तर आज आपण हेच करणार. आधी ही डिश कुठली ते थोडक्यात, मग साहित्य, मग कृती, आणि मध्ये माझ्या मामाबद्दल थोडं. कारण मला हे सगळं शिकवलं ते त्यानेच.

ही डिश आली कुठून?

श्रिम्प म्हणजे आपली कोळंबीच. मालवणीत सुंगटं. कोळंबीला पीठ, अंडं आणि खोबऱ्याचा कीस लावून तळायचं आणि गोड-आंबट-तिखट डिपसोबत खायचं, हा प्रकार हवाई, फ्लोरिडा, कॅरिबियन या पर्यटकांच्या पट्ट्यात आणि अमेरिकेतल्या साखळी रेस्टॉरंटांत घरोघरी माहीत असल्यासारखा आहे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात 'डॉन द बीचकॉम्बर' आणि 'ट्रेडर विक्स' यांसारखी हॉटेलं निघाली. बांबूच्या भिंती, लाकडी मुखवटे, रम, अननस, नारळ. बेटावर न जाता बेटावर असल्याचा फील. "ट्रॉपिकल" नावाची जी चव आज जगभर विकली जाते तिचा साचा बराचसा तिथे तयार झाला. कोकोनट श्रिम्प त्याच कुटुंबातलं. सोबतच्या पिन्या कोलाडा डिपचं नाव ज्या पेयावरून आलं, ते पिन्या कोलाडा १९७८ पासून प्वेर्तो रिकोचं अधिकृत राष्ट्रीय पेय आहे.

आता गंमत ऐका. कॅरिबियनच्या किनाऱ्यावर वाकलेलं नारळाचं झाड आपण पोस्टरवर बघतो ना, ते तिथलं मूळचं नाहीच. २०११ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने जगभरातल्या १,३०० हून जास्त नारळांचा डीएनए तपासला. त्यात नारळाची दोन मोठी घराणी निघाली. एक प्रशांत महासागराकडचं आणि एक हिंदी महासागराकडचं. अटलांटिकच्या बाजूचे नारळ निघाले हिंदी महासागरवाल्यांचे वंशज. पोर्तुगीज जहाजांनी इकडचे नारळ आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे नेले आणि तिथून सोळाव्या शतकात ते कॅरिबियनमध्ये पोचले. म्हणजे खोबरं आपल्याकडचं.

आणि कोळंबी? आज अॅपवर किंवा सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये जी फिकट, एकसारख्या मापाची कोळंबी मिळते ती बहुतेक वेळा 'व्हेनामी' असते. ही मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या प्रशांत किनाऱ्याची. भारतात पूर्वी तलावांमध्ये टायगर कोळंबी वाढवायचे. १९९० च्या दशकात व्हाइट स्पॉट नावाच्या विषाणूने तिचं कंबरडं मोडलं. मग २००९ मध्ये सरकारने व्हेनामीच्या व्यापारी शेतीला परवानगी दिली आणि आंध्रच्या किनारपट्टीवर तलावच तलाव झाले. तिची रोगमुक्त आई-कोळंबी विमानाने बाहेरून येते, त्यात हवाई आणि फ्लोरिडाचाही माल असतो, आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून पुढे जाते.

म्हणजे बघा, खोबरं इथून तिथे गेलं, कोळंबी तिथून इथे आली, आणि इथे वाढलेली कोळंबी गोठवून परत तिथेच जाते. भारताच्या सागरी निर्यातीत सगळ्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. मायामीतल्या कुठल्या तरी टेबलावरच्या कोकोनट श्रिम्पमधली कोळंबी भीमावरमजवळच्या तलावातली असू शकते. म्हणूनच २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा त्याची झळ थेट त्या तलावांपर्यंत गेली.

तर ही डिश "त्यांची" की "आपली" हा वाद सोडा. कढई काढा.

कोळंबी निवडताना

पहिली गोष्ट, माप. जवळा-करंदी या कामाची नाही, ती कांद्यावर परतायला ठेवा. इथे मध्यम-मोठी कोळंबी लागते. पाकिटावर २१/२५ किंवा २६/३० असं लिहिलेलं असतं. निर्यातीच्या पद्धतीत याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे साधारण ४५० ग्रॅममध्ये, तेवढ्या कोळंब्या. आकडा जितका लहान, तितकी कोळंबी मोठी. तीन-चार जणांना स्टार्टर म्हणून सोललेली, शेपटी ठेवलेली २४ कोळंब्या पुरतात.

दुसरी गोष्ट, पाकीट उलटं करून वाचा. घटकांमध्ये फक्त कोळंबी, पाणी, मीठ असेल तर उत्तम. ४५१ किंवा ४५२ असे नंबर दिसले तर ते फॉस्फेट. त्याने कोळंबी पाणी धरून ठेवते. वजन छान भरतं, पण तळताना ते पाणी बाहेर येतं आणि आवरण मऊ पडतं. ते विष वगैरे काही नाही, पण आपल्या कुरकुरीतपणाचं शत्रू आहे. आणि 'निव्वळ वजन' बघताना बर्फ धरून की बर्फाशिवाय, तेही बघा.

ताजी घेणार असाल तर फारच छान. फक्त जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा "एकदम ताजी, आजच समुद्रातून आली" असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा. कोळणीशी ओळख असेल तर ती स्वतःच सांगते, "आज नको घेऊस." अशी ओळख कुठल्याच अॅपमध्ये मिळत नाही.

गोठवलेली असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात तर बंद पिशवीसकट गार पाण्यात अर्धा तास. गरम पाणी नको, ओट्यावर दुपारभर नको.

सोलणं आणि पुसणं

आता मामाची एन्ट्री.

माझा मामा वेंगुर्ल्याचा. गेली एकवीस वर्षं क्रूझ जहाजावर कुक आहे. फ्लोरिडातून निघायचं, सात दिवस कॅरिबियनमध्ये फिरायचं, परत फ्लोरिडा, माणसं उतरवायची, नवी चढवायची, परत तेच. गोव्यातून, सिंधुदुर्गातून, रत्नागिरीतून अशी खूप माणसं बोटीवर जातात. गावात त्यांना "शिपीवर असतो" म्हणतात आणि बाकी काही विचारत नाहीत. आम्हीही नाही विचारलं. मामा यायचा, चॉकलेटं यायची, परफ्युम यायचा, मामा जायचा.

त्याचं काम बरीच वर्षं फ्रायर स्टेशनवर होतं. म्हणजे तुम्ही-मी आयुष्यात जेवढी कोकोनट श्रिम्प खाऊ तेवढी तो एका संध्याकाळी तळतो. तर त्याने शिकवलेल्या तीन गोष्टी ऐका. या मला कुठल्याच व्हिडिओत सापडल्या नाहीत.

एक. कोळंबीच्या शेपटीच्या वर मधोमध एक टोकदार काटा असतो. शेपटीचे पंखे ठेवायचे, पण हा काटा मोडून काढायचा. त्याच्या आजूबाजूला पाणी साठतं आणि तेलात ते फटकन उडतं. मग सुरीच्या पात्याने शेपटीचे पंखे हलकेच खरवडायचे, आत अडकलेलं पाणी बाहेर येतं. तेल उडून हात भाजतात त्यातले बरेच प्रसंग इथेच वाचतात.

दोन. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढायचा, तीच चीर जरा खोल करायची आणि कोळंबी पुस्तकासारखी उघडायची. पूर्ण कापायची नाही. याने दोन फायदे. आवरण चिकटायला जागा वाढते आणि कोळंबी आतून पटकन शिजते, म्हणजे खोबरं करपायच्या आत काम होतं.

तीन. पुसायची. स्वयंपाकघरातला कोरडा कागद घेऊन दोन्ही बाजूंनी टिपायची, आणि परत एकदा टिपायची. आपल्या त्या श्रोत्याची कोळंबी "नागडी" होत होती ना, त्याचं नव्वद टक्के उत्तर इथे आहे. ओल्या कोळंबीवर पिठाची चिकट लापशी होते. गरम तेलात त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ आवरणाला आतून ढकलून देते. आवरण पडत नाही, ढकललं जातं!

पुसून झाल्यावर अर्धा चमचा मीठ, थोडी मिरपूड. लिंबू आत्ता नको. आंबटाने कोळंबीचं मांस आधीच घट्ट व्हायला लागतं. लिंबू शेवटी.

तीन वाडगे

पहिला वाडगा : अर्धी वाटी मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा लाल तिखट, पाव चमचा लसूण पावडर, चिमूटभर मीठ.

दुसरा वाडगा : दोन अंडी आणि दोन चमचे घट्ट नारळाचं दूध, फेटून. फेस नको, फक्त एकजीव.

तिसरा वाडगा : एक वाटी खोबऱ्याचा कीस, पाऊण वाटी पांको, एक छोटा चमचा साखर. पांको म्हणजे जपानी पद्धतीचा ब्रेडचा चुरा, मोठ्या हलक्या पाकळ्यांसारखा. नसेल तर शिळ्या पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढून हाताने कुस्करा आणि मंद तव्यावर कोरडा करा. अगदी तसाच नाही होत, पण काम होतं.

आता महत्त्वाचा प्रश्न : कुठलं खोबरं? आपल्या घरात तीन प्रकार असतात. ओलं खोबरं, सुकी वाटी आणि पाकिटातलं डेसिकेटेड कोकोनट.

ओलं खोबरं इथे चालत नाही. मला माहितीये, कोकणातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. पण त्यात पाणी खूप. तेल उडतं आणि आवरण लिबलिबीत होतं. सुक्या वाटीत तेल भरपूर आणि वास उग्र. ती भाजून वाटणात घालायला बनलीय. किसून तळली की पटकन काळी पडते. डेसिकेटेड मधलं : ताज्या खोबऱ्याचा, वाळवलेला, फिका कीस. तेच घ्या. अगदी भुकटी असलेलं नको, जरा लांब धाग्यांचं मिळालं तर सोनं.

अमेरिकन रेसिपीत गोड केलेलं खोबरं सांगतात. त्यातली साखर भराभर लाल होते, म्हणून तिथे खूप जणांचं बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं होतं. आपण बिनसाखरेचं घेऊन वरून चमचाभर साखर घालतोय, म्हणजे कंट्रोल आपल्या हातात.

आता हात. एक हात कोरडा, एक हात ओला. उजव्या हाताने शेपटी धरून कोळंबी मैद्यात घोळवा, झटका. अंड्यात सोडा. डाव्या हाताने अंड्यातून काढून खोबऱ्यात टाका. परत उजव्या कोरड्या हाताने वरून खोबरं लोटा आणि दाबा. नुसतं लोळवू नका, तळहाताने दाबा. दोन्ही हात सगळीकडे घातले की दहाव्या कोळंबीला बोटांचीच भजी झालेली असतात.

सगळ्या कोळंब्या ताटात एका थरात लावा आणि २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी गाळावीशी वाटते, गाळू नका. या वेळात मैदा ओलावा शोषून घेतो, अंडं घट्ट बसतं आणि तिन्ही थर एकमेकांना धरतात.

डिप

तेवढ्यात डिप करून घ्या. दोन प्रकार सांगते.

पहिला : चार चमचे संत्र्याचं मार्मलेड, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट म्हणजे मस्टर्ड सॉस, चिली फ्लेक्स आवडीप्रमाणे. ढवळा. झालं.

दुसरा, पिन्या कोलाडावाला : अर्धी वाटी चक्का, दोन चमचे घट्ट नारळाचं दूध, तीन चमचे अगदी बारीक चिरलेला अननस, चमचाभर साखर, मीठ चवीला. तिथे सावर क्रीम घालतात, चक्का त्याच्या जवळ जातो. अननस घातला की लगेच खा, ठेवून देऊ नका. ताज्या अननसातलं एन्झाइम दह्यातली प्रथिनं तोडतं आणि डिप कडवट व्हायला लागतो. डब्यातला अननस असेल तर ही भानगड नाही, कारण तो डबाबंद करताना तापवलेला असतो.

तळण

शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल. घाण्याचं खोबरेल इथे नको, ते आपल्याला हव्या त्या तापमानाच्या आसपासच धूर सोडायला लागतं.

छोटी, खोल, जाड बुडाची कढई. तेल कढईच्या एक तृतीयांशापर्यंतच. तापमान १७० ते १७५ अंश सेल्सियस. थर्मामीटर असेल तर बेस्ट. नसेल तर ब्रेडचा छोटा तुकडा टाका. साधारण मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तयार. दहा-पंधरा सेकंदात काळा पडला तर गॅस कमी करा आणि थांबा. तुकडा तळाशी बसून राहिला तर अजून तापू द्या.

एका वेळी पाच किंवा सहाच. आपल्याला वाटतं, सगळ्या एकदम टाकल्या की लवकर उरकेल. नाही. गार कोळंब्या तेलाचं तापमान खाली ओढतात, आणि थंड तेलात आवरण कुरकुरीत व्हायच्या ऐवजी तेल पीत बसतं. बॅच साइझ लहान ठेवा, एकूण काम लवकर होतं.

दोन ते अडीच मिनिटं. एकदा उलटा. इथे मामाचं वाक्य : "तेलाचो आवाज आयक गो." टाकल्याबरोबर जोरात चरचर होते, ती म्हणजे पाणी बाहेर पडतंय. हळूहळू आवाज बारीक होतो. आवाज उतरला, रंग हलका सोनेरी झाला, की काढा. बाहेर आल्यावरही रंग अजून एक छटा गडद होतो, म्हणून तुम्हाला हवा त्याच्या जरा आधीच काढायचं. आतून मांस मोत्यासारखं पांढरं, अपारदर्शक दिसलं पाहिजे. राखाडी, काचेसारखं दिसलं तर कच्चं. थर्मामीटरवाल्यांसाठी आतलं तापमान ६३ अंश.

काढून कागदावर नको, जाळीवर ठेवा. कागदावर खालच्या बाजूची वाफ अडकते आणि तोच भाग मऊ पडतो. दोन बॅचच्या मध्ये झाऱ्याने तेलातला खोबऱ्याचा चुरा काढा, नाहीतर तो करपून पुढच्या सगळ्यांना कडू करतो.

एअर फ्रायरवाले, तुम्हालाही विसरले नाही. खोबरं-पांको आधी कोरड्या तव्यावर फिका सोनेरी भाजून घ्या, मग लावा. वरून तेल फवारा, १९० अंशावर आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. तळल्यासारखं होतं का? नाही. चांगलं होतं का? हो.

दोन गंभीर गोष्टी

आता जरा हसणं बाजूला.

पहिली, आग. भाड्याच्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं लहान असतात, गॅसच्या मागे प्लॅस्टिकचे डबे, वर पडदा. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. कधीच नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चारी बाजूंना उडतं. गॅस बंद, वर घट्ट झाकण, कढई हलवायची नाही. म्हणून तळायला बसण्याआधी कढईवर बसणारं झाकण शेजारी काढून ठेवा. आणि तळताना फोन दुसऱ्या खोलीत. हो, हा पॉडकास्टसुद्धा पॉज करा.

दुसरी, अॅलर्जी. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, आणि अनेकांना त्याची अॅलर्जी असते. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे "चांगली तळली की काही होत नाही" हे साफ चूक. त्याच तेलात नंतर बटाट्याचे काप तळले तर तेही त्या माणसाला चालत नाहीत. तसलंच प्रथिन घरातल्या धुळीतल्या माइट्समध्ये आणि झुरळांत असतं, म्हणून धुळीची अॅलर्जी असलेल्या काहींना कोळंबीचाही त्रास होतो. पार्टीला मित्र बोलावलेत तर आधी विचारा. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर "थोडं पाणी पी, बरं वाटेल" नाही. सरळ हॉस्पिटल, किंवा १०८ ला फोन.

मामाच्या जहाजावर हे सगळं नियमात होतं. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांची तिथल्या सीडीसीचे लोक अचानक येऊन तपासणी करतात. शंभरापैकी मार्क. ८५ किंवा कमी म्हणजे नापास. फ्रीजचं तापमान, कापायचे पाट, हात धुवायची जागा, सगळं बघतात. आम्ही इंजिनिअरिंगला चाळीसला पास होऊन पार्टी द्यायचो, आणि हा माणूस दरवेळी ८६ च्या वर राहण्यासाठी उभा. मी त्याला विचारलं, "मामा, टेन्शन नाही येत?" म्हणाला, "येता ना. पण त्या टेन्शनान सवय लागता."

आणि आजी

या मे महिन्यात मामा घरी होता. वय ५२. गुडघे दुखतात. पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठी परत मेडिकल द्यायची होती, एजंटचे फोन सुरू होते. घरात रोज तीच चर्चा. जायचं की नाही? २०२० मध्ये जहाजं बंद झाली तेव्हा तो कित्येक आठवडे बोटीवरच अडकला होता. किनारा दिसायचा, उतरता यायचं नाही. तेव्हापासून मामी म्हणते, आता पुरे. पण मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फी थांबत नाही.

त्याने गावात विचारूनही बघितलं. एक-दोन होमस्टेवाल्यांना कुक हवा होता. पण त्यांना हवी मालवणी थाळी. पर्यटक त्यासाठीच येतात, त्यांचंही बरोबर आहे. मामाला थाळी येते, पण ती त्याच्यापेक्षा शेजारची काकी दसपट चांगली करते. त्याचं एकवीस वर्षांचं जे कसब आहे ते तिथे कोणालाच नको होतं.

मग एका रविवारी मीच म्हटलं, "मामा, आज तू तिथे करतोस ते कर." तोपर्यंत आमच्यापैकी कोणीच ते खाल्लं नव्हतं. आजीनेसुद्धा नाही. मुलगा जगाला वाढतो आणि आईला माहीत नाही काय वाढतो!

आजी ८१ वर्षांची. ताट बघून म्हणाली, "ह्यां काय रे? सुंगटांका स्वेटर घातलंस?" सगळे हसलो. मग तिने एक खाल्लं. दुसरं खाल्लं. चौथ्याला विचारलं, "ओला खोबरा कित्याक नाय घातलंस?" मामाने तिला तेच सगळं समजावलं जे मी तुम्हाला आत्ता सांगितलं. पाणी, वाफ, तेल. पंधरा मिनिटं. आजी सगळं ऐकून घेत होती, मध्येच प्रश्न विचारत होती. दोन आचाऱ्यांचं बोलणं चाललंय असं वाटत होतं. मी पहिल्यांदा मामाला त्याच्या कामाबद्दल इतकं बोलताना ऐकलं. त्याच दिवशी मी वही काढली आणि ग्रॅम, मिनिटं, अंश सगळं लिहून घेतलं. तो अंदाजाने टाकत होता आणि मी प्रत्येक वेळी वजनकाटा पुढे करत होते.

तो थांबला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मेडिकल पास झाला आणि ऑगस्टमध्ये परत गेला. एक कॉन्ट्रॅक्ट, मग बघू, असं म्हणाला. हे वाक्य तो आधीही म्हणालाय. मामीने काही न बोलता बॅग भरली. मला यावर काही शहाणपणाचं बोलायचं नाहीये. एवढंच सांगते, तुमच्याही नात्यात कोणी शिपीवर, गल्फमध्ये, कुठल्या हॉटेलच्या मागच्या किचनमध्ये असेल तर पुढच्या वेळी "कधी आलास, कधी जाणार" यानंतर अजून एक प्रश्न विचारा : "तू तिथे नेमकं करतोस काय?" आणि जमलं तर करून दाखवायला सांगा.

जाता जाता

पटकन उजळणी. कोळंबी कोरडी. शेपटीचा काटा बाहेर. डेसिकेटेड खोबरं, ओलं नाही. दाबून लावा. २० मिनिटं फ्रीज. १७० ते १७५ अंश. पाच-सहाचीच बॅच. आवाज उतरला की बाहेर. जाळीवर ठेवा. आणि झाकण शेजारी.

उरलेलं तेल गार झाल्यावर गाळून घ्या. त्याला कोळंबीचा वास लागलेला असतो, म्हणून वेगळ्या बाटलीत, वर चिठ्ठी लावून, आणि आठवडाभरात माशांसाठीच वापरा. सिंकमध्ये ओतू नका, खालच्या मजल्यावरचे काका आधीच आपल्यावर नाराज असतात.

शाकाहारी मंडळींनो, हेच आवरण पनीर, बेबी कॉर्न किंवा फ्लॉवरच्या तुऱ्यांना लावा. अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर आणि नारळाच्या दुधाचं घट्टसर मिश्रण. तुरे आधी अर्धवट वाफवून, पूर्ण कोरडे करून घ्या. नियम तोच : पाणी म्हणजे शत्रू.

करून बघा आणि फोटो पाठवा. बिघडलं तर बिघडलेल्याचाही पाठवा, सोबत तेल किती तापलं होतं आणि एका वेळी किती टाकल्या एवढं लिहा. त्यावरून नव्वद टक्के वेळा सांगता येतं की गडबड कुठे झाली. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले तीन-चार घेऊन बोलू.

तोपर्यंत काळजी घ्या, पोटभर जेवा. भेटू पुढच्या शनिवारी!